शिळीं पानें

गेल्या महिन्यांतील टपालांत एका वाचक-भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात : "माझा मुलगा दररोज सकाळीं फोन हातीं घेऊन 'मेमरी साफ' करणारें एक ॲप चालवितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणें फोनांतील मेमरी नेहमींच भरलेली असते आणि मोकळी जागा इतकी थोडी राहते कीं, फोन आतां बंद पडेल अशी त्यास धास्ती वाटते. घर झाडावें तशी ही मेमरीहि रोज झाडावयास हवी काय?" पत्राच्या शेवटीं बाईंनीं आणखी एक प्रश्न विचारला आहे, आणि तो मोठा मार्मिक आहे : "झाडावयाचीच, तर त्यांत कांहीं कामाचें जात नाहीं ना, हें कोण पाहतें?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर दोन ओळींत देतां आलें असतें. दुसऱ्यानें मात्र आम्हांस एका जुन्या दुःखाची आठवण करून दिली, म्हणून या महिन्याचें सबंध सदर त्याच्याकडेच लावलें आहे.

फोन असो, घरचा संगणक असो, कीं एखाद्या पेढीचा मोठा यंत्रसंच असो, माहिती राहण्याच्या त्यांत दोन जागा असतात. एक कायमची, म्हणजे डिस्क अगर फोनांतील फ्लॅश. वीज गेली तरी तेथील अक्षर पुसत नाहीं. दुसरी तात्पुरती, म्हणजे रॅम. वीज गेली कीं ती कोऱ्या पाटीसारखी होते. पहिली विस्तीर्ण पण मंद, दुसरी लहान पण चपळ. या चपळाईंतील अंतर नुसत्या आंकड्यांनीं मनांत ठसत नाहीं. रॅममधील एक नोंद काढण्यास सुमारें १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या चकतीच्या डिस्कवरून तीच काढण्यास सुमारें १० मिलिसेकंद. आतां अशी कल्पना करावी कीं, रॅममधील नोंदीस एक सेकंद लागला, म्हणजे फडताळ उघडून डबा काढण्याइतका वेळ. याच मापानें डिस्ककडे धाडलेला निरोप्या एक लक्ष सेकंदांनीं, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तासांनीं परत येतो! हल्लींच्या फ्लॅश साठवणीनें हा वेळ पुष्कळच कमी केला आहे. तरी त्याच मापानें पंधरावीस मिनिटें खोळंबून राहावें लागतेंच.

हा खोळंबा टाळण्याचें काम कर्नेलकडे असतें. यंत्रांतील सर्व प्रोग्रामांवर देखरेख ठेवणारा, कोणास किती जागा व किती वेळ द्यावयाचा हें ठरविणारा जो मूळ प्रोग्राम, त्यास कर्नेल म्हणतात. एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषाचें, किंवा खरें सांगावयाचें तर कर्त्या बाईचें काम तो करतो. लिनक्स हें अशा एका कर्नेलचें नांव. हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या तरुणानें १९९१ सालीं तें लिहावयास घेतलें, आणि आज अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक फोनांत तेंच आहे. म्हणजे आमच्या पत्रलेखिका बाईंच्या ओट्यावरहि तें बसलेलें असण्याचा फार संभव आहे.

डिस्कवरील फाइलीचा जो भाग एकदां वाचला, त्याची एक प्रत कर्नेल रॅममध्यें ठेवून देतें. ही प्रत ठराविक आकाराच्या तुकड्यांनीं ठेवतात. त्या तुकड्यास 'पान' असें नांव आहे, आणि बहुतेक यंत्रांवर एक पान ४०९६ बाइटांचें असतें. अशा सर्व पानांचा जो संग्रह, तो 'पेज कॅश'. दुसऱ्या खेपेस तीच फाइल कोणीं मागितली कीं डिस्ककडे जाण्याचें कारणच उरत नाहीं. यंत्रांत रिकामी दिसेल ती रॅम कर्नेल अशा पानांनीं भरून टाकतें, कारण रिकामी राखलेली रॅम ही भाडें भरून कुलूप लावलेल्या खोलीसारखी आहे. कोणास खरोखरच जागा हवी झाली तर कांहीं पानें टाकून ती तत्काळ देतां येते. म्हणूनच लिनक्समध्यें २०१४ सालापासून 'मोकळी' मेमरी आणि 'मिळूं शकेल अशी' मेमरी हे दोन आंकडे निरनिराळे दाखवितात. पहिला लहान असला तर खुशाल असूं द्यावा. पाहावयाचा तो दुसरा.

येथपर्यंत सर्व सोपें आहे. अडचण सुरू होते ती 'टाकणें' या शब्दापासून. ठेवलेली प्रत केव्हां टाकावी, केव्हां टाकूं नये, आणि टाकावयाची तर किती चटकन्, या प्रश्नांवर कर्नेल लिहिणाऱ्या मंडळींनीं किती रात्री जागविल्या असतील याची गणती नाहीं. संगणकशास्त्रांत कठीण अशा दोनच गोष्टी आहेत, एक शिळी प्रत रद्द करणें आणि दुसरी नांव ठेवणें, असें फिल कार्लटन नांवाच्या एका प्रोग्रामकारानें म्हटल्याचें सांगतात. बारशाच्या दिवशीं दोन्ही घरच्या मंडळींची समजूत घालण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना दुसऱ्या गोष्टीबद्दल अधिक सांगावयास नको.

आमच्या लहानपणीं आजी स्वयंपाकघराच्या दाराशीं एक पाटी टांगून ठेवीत असे. दुधाचा रतीब, वाण्याकडील उधारी, मोलकरणीचे खाडे, सर्व कांहीं दिवसभर त्या पाटीवर. रात्रीं निजण्यापूर्वीं आजोबा तें वहींत उतरून घेत आणि मग पाटी पुसली जाई. वहींत उतरलेला मजकूर पाटीवरून गेला तर कांहींच बिघडत नाहीं. परंतु उतरून घेण्यापूर्वींच एखाद्या नातवानें (तो कोण, हें सांगण्याचें कारण नाहीं) पाटीवर बोळा फिरविला, तर दुसऱ्या दिवशीं दुधवाल्याशीं तंटा ठरलेलाच.

पेज कॅशमध्यें नेमका हाच भेद आहे. प्रोग्राम फाइलींत जें कांहीं लिहितो, तें सामान्यतः लगेच डिस्कवर जात नाहीं. तें रॅममधील पानावर लिहिलें जातें आणि लिहिणाऱ्यास 'झालें' असा निरोप मिळतो. वहींत उतरावयाचें राहिलेलें असें पान कर्नेलच्या भाषेंत 'मळलेलें', आणि उतरून झालेलें तें 'स्वच्छ'. येथें मळलेलें म्हणजे वाईट असा अर्थ घेऊं नये. यंत्रांत सर्वांत मोलाचें जर कांहीं असेल तर तें हेंच पान, कारण त्याची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नसते. स्वच्छ पान केव्हांहि फेंकावें. मळलेलें फेंकण्यापूर्वीं उतरून घ्यावें. लिनक्स सामान्यतः दर पांच सेकंदांनीं उठतें आणि तीस सेकंदांहून जुनीं झालेलीं मळलेलीं पानें डिस्ककडे रवाना करतें.

हे तीस सेकंद आम्हांस ठाऊक नव्हते.

आमच्या आत्याबाई जात्यावरच्या ओव्या म्हणत. जातें घरांतून केव्हांच गेलें होतें, पण ओव्या होत्या. त्यांच्या अखेरच्या वर्षीं, दुपारीं जेवणें आटोपल्यावर, त्यांच्याजवळ बसून आम्हीं एकोणीस ध्वनिमुद्रणें केलीं. कांहींत मध्येंच त्यांचा खोकला आहे, एकांत कुकराची शिटी आहे. त्या गेल्यावर, वर्षश्राद्धाच्या सुमारास, तीं सर्व एका पेन ड्राइव्हवर घालून ताईकडे पोंचवावीं असें ठरलें. संगणक जुना, त्यावर भाच्यानें लिनक्स बसवून दिलेलें. आम्हीं फाइली 'कट' करून पेन ड्राइव्हवर चिकटविल्या. पडद्यावरील पट्टी भरभर पुढें सरकली, पूर्ण झाली, नाहींशी झाली. बाहेर रिक्षा उभी होती. ड्राइव्ह ओढून काढला, पाकिटांत घातला आणि निघालों.

चार महिन्यांनीं ताईचा फोन आला. एकोणिसांपैकीं बाराच वाजतात. उरलेल्या सात फाइलींना नांव आहे, आंत शून्य बाइट. घरच्या संगणकांत पाहिलें तर तेथें कांहींच नाहीं. 'कट' केलें म्हणजे मूळ जागचें पुसलें जाणारच. भाच्यानें दोन रात्री खपून डिस्क धुंडाळली. परंतु चार महिन्यांत त्या जागेवर दुसरें बरेंच कांहीं लिहिलें गेलें होतें.

"मामा, पट्टी पूर्ण झाली ती रॅमपुरती," तो म्हणाला. "पेन ड्राइव्ह फार मंद असतो. पानें त्याच्याकडे जावयाचीं राहिलीं होतीं."

"मग त्यानें 'झालें' असें कां सांगितलें?"

"प्रत्येक वेळीं ड्राइव्हपर्यंत जाऊन येईतों थांबवून ठेवलें असतें, तर तुम्हींच म्हणाला असतां, संगणक फार हळू चालतो म्हणून."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तशी तक्रार आम्हीं पूर्वीं केलीहि होती. 'सुरक्षितपणें काढा' या आज्ञेचा अर्थ मात्र त्या दिवशीं कळला. ती आज्ञा मिळाली म्हणजे कर्नेल त्या ड्राइव्हचीं सर्व मळलेलीं पानें उतरून घेतें, मग तीं संग्रहांतून काढून टाकतें, आणि तेव्हां कोठें ड्राइव्हचा हात सोडतें.

आमच्यासारख्या अजाण माणसाची गोष्ट सोडा. २०१८ सालीं याच मळलेल्या पानांनीं पोस्टग्रेस्क्यूएल या विख्यात डेटाबेसच्या रचनाकारांची झोंप उडविली. डेटाबेस म्हणजे जेथें हिशेब चुकून चालतच नाहीं असें खातें. असा प्रोग्राम नुसत्या 'झालें' या निरोपावर विसंबत नाहीं. तो 'एफसिंक' नांवाची आज्ञा देऊन, पानें खरोखर डिस्कवर गेलीं असें कर्नेलकडून वदवून घेतो. आतां, डिस्कनेंच पान घेण्यास नकार दिला तर? एफसिंक चूक कळवितें. पोस्टग्रेसची समजूत अशी कीं, अशा वेळीं पान मळलेलेंच राहील, आणि पुन्हां एफसिंक केलें कीं पुन्हां प्रयत्न होईल. प्रत्यक्षांत लिनक्स त्या न उतरलेल्या पानावर 'स्वच्छ' असा शिक्का मारून मोकळें होत असे. दुसरें एफसिंक बिनतक्रार पार पडे, कारण पाठविण्यासारखें मळलेलें पान उरलेलेंच नसे! आणि एकदां स्वच्छ म्हटल्यावर तें पान केव्हांहि टाकलें जाण्यास पात्र झालें. ही चुकीची समजूत सुमारें वीस वर्षें तशीच चालत आली होती.

कर्नेलकारांची बाजू ऐकली तर तीहि अगदींच टाकाऊ नाहीं. लेखन फसण्याचें नेहमींचें कारण म्हणजे कोणीतरी पेन ड्राइव्ह मध्येंच ओढून काढलेला असतो, असें त्यांचें म्हणणें. (हें कळल्यावर आमच्या कानाच्या पाळ्या तापल्या.) ड्राइव्हच नाहींसा झाल्यावर त्याचीं पानें मळलेलीं म्हणून जपत बसलें, तर तीं कधींच उतरणार नाहींत, आणि एक दिवस सगळी रॅम असल्या अनाथ पानांनीं भरून जाईल. अखेर २०१९ च्या फेब्रुवारींत पोस्टग्रेसनें आपली रीत बदलली. एफसिंक फसलें तर पुन्हां विचारावयाचें नाहीं. काम तेथल्या तेथें थांबवावयाचें, आणि स्वतंत्र ठेवलेल्या रोजच्या नोंदींवरून सर्व हिशेब नव्यानें मांडावयाचा. आम्हांस विचाराल तर हेंच योग्य झालें. "पुन्हां एकदां पाहा बरें" असें म्हणून मिळविलेल्या होकारापेक्षां कीर्दीवरून खतावणी परत लिहून काढणें कष्टाचें खरें, पण रात्रीं झोंप लागूं देणारें आहे.

आतांपर्यंत जें टाकूं नये तें टाकल्याची हकीगत झाली. याच्या उलट संकट असें कीं, जें टाकावयास हवें तें राहून जातें. रॅममधील प्रत ही अखेर प्रतच. मूळ बदललें आणि प्रत तशीच राहिली, तर वाचणारास ती गेल्या वर्षींच्या पंचांगावरून मुहूर्त काढून देते. असें होतें तरी केव्हां? कांहीं प्रोग्राम, विशेषतः मोठे डेटाबेस, पेज कॅशला बगल देऊन सरळ डिस्कवर लिहितात. कांहीं वेळां फाइल दुसऱ्याच यंत्रावर असते आणि तेथें तिसऱ्यानें ती बदललेली असते. एनएफएस या पद्धतींत म्हणून फाइल उघडतांना मूळ यंत्रास तिच्या बदलाविषयीं विचारतात, आणि उत्तर आपल्याकडील नोंदीशीं जुळलें नाहीं तर जवळचीं पानें रद्द करतात. आणि कांहीं वेळां फाइलच कापून लहान केली जाते किंवा पुसली जाते. तेव्हां तिच्या पानांना अर्थच उरत नाहीं.

या निरनिराळ्या प्रसंगीं कर्नेलचा स्वभावहि निरनिराळा होतो, हें आम्हांस फार गमतीचें वाटलें. फाइलच पुसली असेल तर तें मळलेलीं पानेंहि निःशंक फेंकतें. जी वहीच रद्दींत घातली, तींत काय उतरावयाचें? नुसतें "या फाइलीचें माझें काम झालें" एवढेंच प्रोग्रामानें कळविलें असेल, तर तें मोठ्या सभ्यपणानें वागतें. जेवढीं पानें स्वच्छ आणि मोकळीं असतील तेवढींच काढतें. मळलेलें, कुलूपबंद, अगर कोणाच्या हातांत असलेलें पान तसेंच ठेवून पुढें जातें. सरळ डिस्कवर लिहिण्याच्या प्रसंगीं मात्र तें हट्टास पेटतें. पान मळलेलें असेल तर आधीं उतरून घेतें, कोणाच्या हातांत असेल तर हातांतून काढून घेतें, आणि तरीहि एखादें पान सुटेना तर 'जमलें नाहीं' असें कबूल करतें. हें रद्द करणें दोनदां होतें : लिहिण्यापूर्वीं एकदां, लिहून झाल्यावर पुन्हां. पहिली खेप झाल्यावर आणि लेखन पुरें होण्यापूर्वीं कोणीं मध्येंच तें पान वाचलें, तर जुन्या मजकुराची प्रत परत संग्रहांत येऊन बसते. दुसरी खेप तिच्यासाठीं. दुसऱ्या खेपेसहि पान निघालें नाहीं, तर मजकूर बिघडला असण्याचा संभव आहे असा चक्क इशारा लिनक्स आपल्या नोंदवहींत लिहून ठेवतें. असा प्रामाणिकपणा माणसांच्या कचेऱ्यांत क्वचितच पाहावयास मिळतो.

ही सर्व सावधगिरी फुकट मिळत नाहीं. समजा, १०० गिगाबाइटांची एक फाइल पुसावयाची आहे. ४०९६ बाइटांचें पान धरलें तर तिचीं २ कोटि ६२ लक्ष १४ हजार ४०० पानें होतात. कोणतें पान रॅममध्यें कोठें आहे याची सूची एका वृक्षाच्या आकारानें ठेवलेली असते. प्रत्येक फांदीस ६४ उपफांद्या. दोन पायऱ्यांत ४०९६ पानें मावतात, तीन पायऱ्यांत एक गिगाबाइट, आणि शंभर गिगाबाइटांस पांच पायऱ्या लागतात. प्रत्येक फाइलीच्या वृक्षास एकच कुलूप, आणि जो कोणी वृक्षांत फेरफार करील त्यानें आधीं तें घ्यावें असा नियम. पूर्वीं एकेक पान काढतांना कर्नेल कुलूप घेई, मुळापासून पायऱ्या चढून त्या पानापर्यंत जाई, तें खुडी, कुलूप सोडी. आणि शेजारच्याच पानासाठीं पुन्हां सर्व पहिल्यापासून. आंगणांतल्या तगरीचें एकेक फूल खुडून तें प्रत्येक वेळीं देवघरांत ठेवून येणारा माणूस डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे या कामाची कल्पना येईल.

२०१७ सालीं झेक अभियंते यान कारा यांनीं या माणसाच्या हातीं परडी दिली. पानें अगोदर टोळीनें निवडून ठेवावयाचीं, कुलूप एकदां घ्यावयाचें, सगळी टोळी एका फेरींत खुडावयाची, कुलूप सोडावयाचें. परडींत त्या सुमारास पंधरा पानें मावत. २०२४ सालीं ती वाढवून एकतिसांची केली. आमच्यासारखा अडाणी येथें विचारील कीं, मग अडीच कोटि पानें एकाच कुलुपांत कां काढूं नयेत? भाच्यानें यावर उत्तर दिलें तें पटण्याजोगें आहे. एक प्रोसेसर कुलूप धरून बसला म्हणजे त्या वृक्षाशीं काम असलेले बाकीचे सर्व प्रोसेसर दाराशीं तिष्ठत राहतात, आणि कुलूप धरणारा त्या अवधींत बाहेरची हांकहि ऐकत नाहीं. नळावर एकाच बाईनें सगळ्या घरचीं भांडीं भरूं म्हटलें तर आळींत काय होईल? परडी लहानच हवी. फक्त एका पानाची नको.

जें पान कोणाच्या हातांत आहे तें काढून घेण्याचा खर्च याहून मोठा. प्रत्येक प्रोसेसर, कोणतें पान कोठें आहे याचें एक खासगी टिपण जवळ बाळगतो. पान काढावयाचें तर त्या त्या प्रोसेसरास निरोप धाडून तें टिपण खोडवावें लागतें, आणि खोडल्याचें कळेपर्यंत थांबावें लागतें. म्हणून हट्टानें रद्द करण्याच्या कामांत पहिलें असें पान भेटलें कीं, कर्नेल पुढल्या सर्व पानांचीं टिपणें तेथेंच एका सपाट्यांत खोडवून घेतें.

परंतु आम्हांस सर्वांत चटका लावून गेली ती 'छाये'ची गोष्ट. रॅम अपुरी पडली कीं, बहुत काळ कोणीं विचारलीं नाहींत तीं पानें कर्नेल काढून टाकतें. टाकलेलें पान क्षणभरानें परत मागितलें गेलें, तर तें टाकण्यांत आपली चूक झाली हें त्यास कळावें कसें? योहानेस वायनर यांनीं यावर एक युक्ति काढली, आणि २०१४ सालीं ती लिनक्समध्यें आली. पान गेलें कीं सूचींतील त्याची जागा रिकामी सोडावयाची नाहीं. तें केव्हां गेलें एवढीच एक लहानशी नोंद तेथें ठेवावयाची. हिलाच छाया म्हणतात. पान परत आलें कीं छाया पाहून कर्नेल मोजतें, मध्यंतरीं दुसरीं किती पानें बाहेर गेलीं. ती संख्या थोडी असेल, तर यास घालवावयास नको होतें असें जाणून त्यास मानाच्या रांगेंत बसवितें. घरांतून गेलेल्या माणसाची खुंटी तशीच राखून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

पण खुंट्याहि साठतात. शेकडो गिगाबाइटांची फाइल एकदां वाचून झाली, तिचीं पानें हळूहळू निघून गेलीं, आणि मागें राहिल्या त्या कोट्यवधि छाया. पान एकहि शिल्लक नाहीं, पण वृक्ष मात्र भरलेला. पुढें ती फाइल रद्द करावयाची म्हटली कीं या छाया पुसणें आलें. २०२४ सालीं यू झाओ यांच्यापुढें असें उदाहरण आलें कीं, एका मोठ्या यंत्रावरील प्रोसेसर नुसत्या छाया पुसण्यांत कित्येक सेकंद गुंतून पडला, आणि कर्नेलच्या पहारेकऱ्यानें तो अडकला असें समजून आरडाओरड केली. पानें काढण्यास परडी मिळून सात वर्षें झालीं होतीं. रद्द करण्याच्या कामांत छायांना मात्र ती कोणीं दिलीच नव्हती! त्या अजून एकेक करून, प्रत्येकीस कुलूप घेऊन आणि सोडून, पुसल्या जात होत्या. झाओ यांनीं रद्द करण्याच्या कामांत छायाहि परडीपरडीनें पुसण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षीं मेटा कंपनींतील शकील बट यांस आढळलें कीं, प्रचंड फाइली कापतांना आणि रद्द करतांना त्यांच्या यंत्रांचा बहुतेक वेळ या छायांवरच जातो. त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. परडींतील प्रत्येक छायेसाठीं मुळापासून वृक्ष चढावयाचा नाहीं. पहिल्या छायेपाशीं एकदां पोंचलें कीं शेवटच्या छायेपर्यंत फांदीफांदीनें सरकत जावयाचें. बदल लहानसाच, आणि सांगितल्यावर कोणासहि सुचेल असा. परंतु नेमका कोठें वेळ जातो हें यंत्रावर मोजून पाहिल्यावांचून तो सुचला नसता. जें टाकून दिलें त्याचा खर्च कोणी मोजावयास जात नाहीं.

आतां पत्रलेखिका बाईंस उत्तर. त्यांच्या मुलानें फोनाची मेमरी रोज झाडण्याचें मुळींच कारण नाहीं. जागा हवी झाली कीं कर्नेल ती आपण होऊन काढून देतें. आणि झाडून टाकलेलीं पानें थोड्याच वेळांत पुन्हां डिस्ककडून आणावीं लागतात, म्हणजे फुकट हेलपाटा. सर्व स्वच्छ पानें एकदम टाकून देण्याची एक आज्ञा लिनक्समध्यें २००६ सालापासून आहे खरी, परंतु तपासणीच्या कामाखेरीज ती वापरूं नये असें तिच्या माहितीपत्रकांतच सांगितलें आहे. फोनाच्या सेटिंगांत एकेका ॲपपुढें 'कॅश साफ करा' म्हणून जें बटण असतें, तें वेगळें. त्या ॲपनें साठवणींत ठेवलेल्या स्वतःच्या तात्पुरत्या फाइली त्यानें पुसल्या जातात, आणि साठवण खरोखरच भरत आली असेल तर तें दाबण्यास हरकत नाहीं. तशाच नांवाचें, पण 'डेटा' पुसणारें जें बटण त्याच्या शेजारीं असतें, त्यावर मात्र मुलाचें बोट पडूं देऊं नये. राहिलें, कामाचें जात नाहीं ना हें कोण पाहतें. कर्नेल पाहतें; मळलेलें आणि स्वच्छ यांतला भेद तें सामान्यतः विसरत नाहीं. पण वीज गेली, डिस्कनेंच पान घेण्यास नकार दिला, कीं कोणी घाईघाईनें ड्राइव्ह ओढून काढला, तर तें बिचारें हतबल होतें.

आमच्या सात ओव्यांपैकीं तीन ताईस तोंडपाठ निघाल्या. त्या तिनें वहींत उतरून दिल्या आहेत. चौथीचा पहिला चरण आमच्या ध्यानांत आहे. दुसरा तिलाहि आठवत नाहीं आणि आम्हांसहि नाहीं.